सदाफुलीचा गुलाबी रंग आणि कॅन्सरचं औषध: झाडं ही रसायनं बनवतात तरी कशी?

अँटॉप हिलच्या सरकारी वसाहतींमध्ये किंवा आजूबाजूच्या चाळींच्या गॅलरीत एक झाड हमखास दिसतं. रंगाच्या रिकाम्या डब्यात, फुटक्या बादलीत, कधी तर थेट भिंतीच्या फटीत उगवलेलं. पाच पाकळ्यांची गुलाबी किंवा पांढरी फुलं, आणि तीही बाराही महिने. ही सदाफुली. हिला कोणी मुद्दाम खत घालत नाही आणि दादरच्या फूलबाजारात हिचा भावही कोणी विचारत नाही.

इथून काही किलोमीटरवर परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल आहे. रक्ताचा कॅन्सर झालेल्या लहान मुलांना तिथे जी औषधं शिरेतून दिली जातात, त्यांत व्हिन्क्रिस्टिन हे एक प्रमुख औषध आहे. हे औषध मुळात याच सदाफुलीच्या पानांमध्ये सापडलं.

एकच झाड फुलात रंग भरतं आणि पानात इतकं जालीम रसायन साठवतं, हे कसं? जास्वंद लाल, झेंडू केशरी आणि गोकर्ण निळा का? आणि या सगळ्याचा माटुंग्याच्या एका रसायनशास्त्रज्ञाशी काय संबंध? सविस्तर जाणून घेऊया.

झाडाला रंग लागतो कशाला?

झाडाला जागचं हलता येत नाही. परागकण एका फुलातून दुसऱ्या फुलात नेण्यासाठी त्याला मधमाशी, फुलपाखरू, पतंग किंवा पक्ष्याची मदत घ्यावी लागते. फुलाचा रंग ही त्यांच्यासाठी लावलेली पाटी असते.

गंमत म्हणजे आपल्याला दिसतो तोच रंग त्यांना दिसतो असं नाही. मधमाशीला अतिनील किरण दिसतात. आपल्याला एकसारख्या पिवळ्या दिसणाऱ्या अनेक पाकळ्यांवर तिला मधाकडे नेणाऱ्या खुणा दिसतात. अतिनील किरण शोषणारी रंगद्रव्यं पाकळीच्या काही भागातच असल्यामुळे हे होतं.

मुंबईत सहज दिसणारी दोन उदाहरणं घ्या. मधुमालतीचं फूल संध्याकाळी पांढरं उमलतं, मग गुलाबी होतं आणि दोन-तीन दिवसांत लाल होतं. पांढरं असताना त्यावर रात्रीचे पतंग येतात, रंग चढल्यावर दिवसा उडणारे कीटक येतात. रेल्वे रुळांच्या कडेला उगवणाऱ्या घाणेरीच्या एकाच गुच्छात पिवळी आणि गुलाबी फुलं असतात. पिवळी फुलं ताजी, गुलाबी जुनी. फुलपाखरांना पिवळ्याचा अर्थ बरोबर कळतो: मध इथे आहे.

ही रसायनं केवळ सजावटीची नसतात. काही उन्हापासून पानांचं रक्षण करतात, काही बुरशीला रोखतात, तर काही पानं खायला येणाऱ्या किड्याला विष म्हणून पुरतात. झाडाला पळता येत नाही. म्हणून ते रसायनांनी लढतं.

कच्चा माल एकच: साखर

प्रत्येक झाडाची सुरुवात हवेतला कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि सूर्यप्रकाश यांपासून होते. पानातलं हरितद्रव्य यातून साखर बनवतं. झाडाचं लाकूड, रंग, वास, कडवटपणा, औषध आणि विष यांतला सारा कार्बन या साखरेतून आलेला असतो.

साखरेपासून रंगापर्यंतचं काम विकरं, म्हणजे एन्झाइम, करतात. प्रत्येक विकर एकच छोटं काम करतं. कोणी एक अणू जोडतं, कोणी काढतं, कोणी साखळीला वळवून वर्तुळ करतं. गिरणीत जसं कापसाचं सूत, सुताचं कापड आणि कापडाची रंगाई वेगवेगळ्या खात्यांत होत असे, तसंच हे काम टप्प्याटप्प्याने पुढे सरकतं. एक खातं बंद पडलं तर पुढची सगळी खाती रिकामी बसतात. कोणतं खातं चालू आणि कोणतं बंद, हे झाडाची जनुकं ठरवतात.

रंगांची तीन मोठी घराणी

फुलांतले बहुतेक रंग तीन घराण्यांत बसतात.

*१. फ्लेवनॉइड आणि अँथोसायनिन.* लाल, गुलाबी, जांभळा आणि निळा हे रंग बहुतेक वेळा अँथोसायनिनचे असतात. जास्वंद, गुलाब, गोकर्ण, जांभूळ, लाल कोबी ही त्याची उदाहरणं. सदाफुलीच्या गुलाबी पाकळ्यांतही अँथोसायनिनच असतं. ही द्रव्यं पाण्यात विरघळतात आणि पेशीच्या आतल्या पाण्याच्या पिशवीत, म्हणजे रिक्तिकेत, साठवली जातात.

*२. कॅरोटिनॉइड.* पिवळा, केशरी आणि काही लाल रंग यांचे. झेंडू, गाजर, पिकलेला आंबा, टोमॅटो. हे रेणू पाच-पाच कार्बनचे आठ तुकडे जोडून बनतात, म्हणजे एकूण ४० कार्बन. ते पाण्यात नव्हे, तर तेलात विरघळतात आणि पेशीतल्या लवकांमध्ये असतात. पारिजातकाच्या देठाचा केशरी रंग आणि खऱ्या केशराचा रंग हे दोन्ही कॅरोटिनॉइड तुटून तयार होतात. म्हणूनच पारिजातकाचे देठ वापरून कापड केशरी रंगवण्याची पद्धत पूर्वापार चालत आली.

*३. बीटालेन.* बीट, बोगनवेल, गुलबक्षी, कोंबडा आणि राजगिरा यांचा किरमिजी किंवा पिवळा रंग. बीटालेन टायरोसिन या अमिनो आम्लापासून बनतं. ज्या झाडांच्या कुळात बीटालेन असतं तिथे अँथोसायनिन नसतं. दोन्ही एकाच झाडात नैसर्गिकरीत्या सापडलेली नाहीत. बोगनवेल आणि जास्वंद शेजारी-शेजारी एकाच रंगात फुलले तरी त्यांच्या रंगाचं रसायन पूर्ण वेगळं असतं.

हा फरक निर्माल्यातही दिसतो. झेंडू सुकला तरी बरेच दिवस केशरी राहतो, कारण त्याचा रंग पाण्यावर अवलंबून नसतो. लाल जास्वंद मात्र दुसऱ्या दिवशी जांभळट होऊन मिटते, कारण कोमेजताना पेशीतल्या पाण्याची आम्लता बदलते आणि अँथोसायनिनचा रंगही बदलतो.

अँटॉप हिलच्या पूर्वेला शिवडीच्या चिखलात येणाऱ्या फ्लेमिंगोंचा गुलाबी रंगसुद्धा कॅरोटिनॉइडचाच. पण तो पक्ष्याने स्वतः बनवलेला नसतो. प्राण्यांना साधारणपणे कॅरोटिनॉइड बनवता येत नाही. खाडीतले सूक्ष्म शेवाळासारखे जीव ते बनवतात, फ्लेमिंगो ते खातात आणि रंग पिसांत उतरतो. फ्लेमिंगोची पिल्लं जन्मतः राखाडी असतात ती यामुळेच.

१५ कार्बनचा सांगाडा

लाल आणि निळा रंग कसा बनतो, ते जरा जवळून पाहू.

झाड साखरेपासून आधी फेनिलअॅलानिन नावाचं अमिनो आम्ल बनवतं. पहिलं विकर त्यातला नायट्रोजन काढून टाकतं. आणखी दोन टप्प्यांनंतर नऊ कार्बनचा एक तुकडा हाती येतो. मग चाल्कोन सिंथेज हे महत्त्वाचं विकर येतं. ते या नऊ कार्बनला दोन-दोन कार्बनचे तीन तुकडे जोडतं. नऊ अधिक सहा, झाले पंधरा. हा १५ कार्बनचा रेणू म्हणजे चाल्कोन.

सगळे फ्लेवनॉइड याच १५ कार्बनच्या सांगाड्यावर उभे असतात. बहुतेक झाडं चाल्कोनवर थांबत नाहीत, ती त्याला वळवून पुढे नेतात. पळसाच्या फुलात मात्र चाल्कोन गटातलंच ब्युटीन नावाचं द्रव्य आणि त्याचे जोडीदार साठतात. होळीला पळसाची फुलं उकळून जो पिवळा-केशरी रंग निघतो, तो प्रामुख्याने यांचा.

चाल्कोनच्या पुढे गेलं की फ्लेवोन, फ्लेवोनॉल, टॅनिन आणि शेवटी अँथोसायनिन अशा वाटा फुटतात. चहाचा तुरटपणा याच वाटेवरचा. पूर्वी कोळी बांधव सुती जाळी झाडांच्या सालीच्या काढ्यात बुडवून टिकाऊ करत. त्या काढ्यातलं टॅनिनही बहुतांशी याच सांगाड्याचं. हळदीतलं कर्क्युमिन वेगळ्या फाट्यावर बनतं, पण त्याचीही सुरुवात फेनिलअॅलानिनपासूनच होते.

शेवटी अँथोसायनिनला साखरेचा एक रेणू चिकटवला जातो. त्यामुळे ते स्थिर होतं, पाण्यात विरघळतं आणि रिक्तिकेत जाऊन बसतं. फुलाला रंग चढतो तो या टप्प्यावर.

निळा गुलाब का नसतो?

लाल की निळा, हे ठरवण्यात एका छोट्या गोष्टीचा मोठा वाटा असतो. रेणूच्या एका वर्तुळावर ऑक्सिजन आणि हायड्रोजनच्या किती जोड्या लागल्या आहेत? एक असेल तर रंग केशरी-लालकडे झुकतो. दोन असतील तर लाल-गुलाबीकडे. तीन असतील तर जांभळ्या-निळ्याकडे.

जास्वंदीत दोन जोड्यांचं सायनिडिन असतं. गोकर्णात तीन जोड्यांचं डेल्फिनिडिन असतं, शिवाय त्याला इतर रेणू चिकटलेले असल्याने निळा रंग पक्का राहतो. गुलाबाकडे ही तिसरी जोडी लावणारं विकरच नाही. म्हणून शतकानुशतकं कलमं करूनही माळ्यांना निळा गुलाब मिळाला नाही. जपानच्या सनटोरी कंपनीने दुसऱ्या फुलाचं जनुक गुलाबात घालून असा गुलाब तयार केला आणि २००९ साली जपानमध्ये तो विक्रीला आणला. तरीही तो निळ्यापेक्षा फिक्या जांभळ्या रंगाकडेच झुकलेला आहे, कारण गुलाबाच्या पेशीतलं पाणी निळ्या रंगाला पोषक नाही.

याच रंगवाटेने विज्ञानाला एक मोठा धक्काही दिला. १९९० साली अमेरिकेतल्या संशोधकांनी जांभळी पेटुनिया अधिक गडद व्हावी म्हणून तिच्यात चाल्कोन सिंथेजचं जादा जनुक घातलं. रंग वाढण्याऐवजी कित्येक फुलं पांढरी झाली! जादा जनुकामुळे झाडाने मूळचं जनुकही गप्प केलं होतं. पेशी जनुकांना गप्प कसं करतात, या शोधाच्या वाटेवरचा हा एक मैलाचा दगड ठरला. पुढे कृमींमध्ये त्याची यंत्रणा उलगडणाऱ्या अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांना २००६ चं नोबेल मिळालं.

माटुंग्याचे वेंकटरामन

आता या गोष्टीतला मुंबईचा दुवा. १ ऑक्टोबर १९३३ रोजी मुंबई विद्यापीठाने रासायनिक तंत्रज्ञान विभाग सुरू केला. जुने लोक याला ‘यूडीसीटी’ म्हणून ओळखतात, आजचं नाव इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी. अँटॉप हिलच्या शेजारी माटुंगा पूर्वेला तिचा परिसर आहे. गिरणगावातल्या कापड गिरण्यांना रंग आणि रसायनं जाणणारे तज्ज्ञ हवे होते. त्यामुळे सुरुवातीच्या अभ्यासक्रमांत वस्त्ररसायनशास्त्राला मानाचं स्थान होतं.

१९३८ साली कृष्णस्वामी वेंकटरामन या संस्थेचे पहिले भारतीय प्रमुख झाले. १९०१ साली मद्रासमध्ये जन्मलेल्या वेंकटरामन यांनी मँचेस्टरला रॉबर्ट रॉबिन्सन यांच्याकडे संशोधन केलं होतं. रॉबिन्सन हे फुलांच्या रंगद्रव्यांचे जगातले मोठे जाणकार. वनस्पतिजन्य रसायनांवरच्या कामासाठी त्यांना १९४७ चं नोबेल मिळालं.

वेंकटरामन यांचं नाव जगभरच्या रसायनशास्त्राच्या पुस्तकांत आहे ते ‘बेकर-वेंकटरामन पुनर्रचना’ या अभिक्रियेमुळे. १९३३-३४ मध्ये इंग्लंडमध्ये विल्सन बेकर आणि लाहोरमध्ये वेंकटरामन यांनी ती स्वतंत्रपणे दाखवली. झाड विकरांच्या मदतीने जो फ्लेवोनचा सांगाडा बनवतं, तोच प्रयोगशाळेतल्या काचेच्या भांड्यात बनवण्याचा हा सोपा मार्ग होता.

याचा उपयोग काय? त्या काळी आजच्यासारखी यंत्रं नव्हती. फुलातून किंवा लाकडातून एखादं रंगद्रव्य वेगळं केलं, तरी त्याची रचना नेमकी कशी आहे हे सिद्ध करण्याचा खात्रीचा उपाय एकच होता. तसाच रेणू स्वतः बनवायचा आणि दोन्ही तंतोतंत जुळतात का ते पाहायचं. या अभिक्रियेने ते काम हाताशी आणून दिलं. आजही फ्लेवोन बनवताना ती वापरली जाते.

१९५७ साली वेंकटरामन पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे, म्हणजे ‘एनसीएल’चे, पहिले भारतीय संचालक झाले. तिथे त्यांच्या गटाने फणसाच्या लाकडातली पिवळी द्रव्यं आणि लाखेतली तांबडी रंगद्रव्यं यांचा उलगडा केला. १९६१ साली त्यांना पद्मभूषण मिळालं. कृत्रिम रंगांवरचा त्यांनी लिहिलेला आणि संपादित केलेला अनेक खंडांचा ग्रंथ जगभर प्रमाण मानला गेला. झाडांत सापडणाऱ्या रसायनांवर काम करणाऱ्या रसायनशास्त्रज्ञांची एक मोठी फळी पुण्यात उभी राहिली.

सदाफुलीतलं औषध कसं सापडलं?

सदाफुली मूळची मादागास्करची. अनेक देशांत तिची पानं मधुमेहावर घरगुती उपाय म्हणून वापरली जात. १९५० च्या दशकात जमैकातून अशी पानं कॅनडाच्या रॉबर्ट नोबल यांच्या प्रयोगशाळेत पोहोचली. उंदरांना त्यांचा अर्क दिला, तेव्हा साखरेवर फारसा परिणाम दिसला नाही. मात्र रक्तातल्या पांढऱ्या पेशी झपाट्याने कमी झाल्या.

पांढऱ्या पेशी बेसुमार वाढणं म्हणजेच तर ल्युकेमिया, रक्ताचा कॅन्सर! नोबल आणि त्यांचे सहकारी चार्ल्स बीअर यांनी १९५८ साली या पानांतून व्हिन्ब्लास्टिन वेगळं केलं. अमेरिकेतल्या एका औषध कंपनीचे संशोधकही याच झाडावर काम करत होते. त्यातून व्हिन्क्रिस्टिन मिळालं आणि १९६३ साली अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली.

पेशी दुभंगताना तिच्या आत बारीक दोऱ्यांसारखी रचना तयार होते. हे दोरे गुणसूत्रांना दोन बाजूंना खेचतात. व्हिन्क्रिस्टिन हे दोरे बनूच देत नाही. भराभर दुभंगणाऱ्या कॅन्सरच्या पेशी तिथेच अडकून मरतात.

दोन अर्धे रेणू, दोन वेगळ्या जागी

हे औषध बनवण्यासाठी सदाफुली जे करते ते थक्क करणारं आहे. ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून एक तुकडा बनतो. कॅरोटिनॉइडच्या घराण्याशी नातं सांगणारा दुसरा तुकडा वेगळ्या वाटेने येतो. दोन्ही जोडून स्ट्रिक्टोसिडिन नावाचा रेणू तयार होतो. सिंकोनातलं क्विनाइन आणि सर्पगंधेतलं रिसर्पिन हीदेखील याच रेणूची अपत्यं.

तिथून पुढे सदाफुली कॅथरँथिन आणि व्हिंडोलिन असे दोन रेणू बनवते. हे दोन जोडले गेले की व्हिन्ब्लास्टिन तयार होतं. पण झाड त्यांना एकमेकांपासून दूर ठेवतं. कॅथरँथिन पानाच्या पृष्ठभागावरच्या मेणात, तर व्हिंडोलिन पानाच्या आत. त्यामुळे जोडलेला रेणू पानात अगदी नगण्य प्रमाणात असतो. एक ग्रॅम औषधासाठी शेकडो किलो वाळलेली पानं लागतात. व्हिन्क्रिस्टिन तर त्याहूनही कमी असतं. म्हणून कारखान्यात बहुधा व्हिन्ब्लास्टिनमध्ये एक छोटा बदल करून ते बनवलं जातं.

झाडाच्या या साखळीतले शेवटचे हरवलेले दुवे २०१८ साली सापडले. २०२२ साली संशोधकांनी सदाफुलीची जनुकं यीस्टमध्ये घालून, ३० च्या आसपास टप्पे पार करून हे दोन अर्धे रेणू बनवून दाखवले. म्हणजे पाव फुगवणाऱ्या यीस्टकडून पानाचं काम करून घेतलं!

एवढा खटाटोप कशासाठी? २०१९ साली अमेरिकेत व्हिन्क्रिस्टिनचा तुटवडा पडला. ते पुरवणाऱ्या दोन कंपन्यांपैकी एकीने उत्पादन थांबवलं आणि दुसरीचा पुरवठा अपुरा पडला. मुलांचे डोस कसे वाटून घ्यायचे, हा प्रश्न तिथल्या डॉक्टरांपुढे उभा राहिला. व्हिन्क्रिस्टिनची जागा घेईल असं दुसरं औषध या उपचारात नव्हतं.

पुण्यातून मुंबईत

भारतापुढे हा प्रश्न त्याआधीच आला होता. सदाफुली दारात उगवायची, पण तिचं औषध परदेशातून यायचं. १९८४ साली सिप्ला या मुंबईच्या कंपनीने पुण्याच्या एनसीएलच्या सहकार्याने व्हिन्ब्लास्टिन आणि व्हिन्क्रिस्टिन विकसित केलं. वेंकटरामन यांनी जिथे झाडांच्या रसायनांचा पाया भक्कम केला, त्याच संस्थेतून हे काम झालं.

याच सुमारास मुंबईचं टाटा मेमोरियल, तसंच चेन्नई आणि दिल्लीतली मोठी रुग्णालयं मुलांच्या ल्युकेमियासाठी ‘एमसीपी-८४१’ ही समान उपचारपद्धती वापरू लागली. व्हिन्क्रिस्टिन तिचा महत्त्वाचा भाग होतं. आधी यातली बहुतेक मुलं वाचत नसत. या पद्धतीनंतर बरं होणाऱ्यांचं प्रमाण लक्षणीय वाढलं. वेळेत निदान आणि पूर्ण उपचार मिळाले तर मुलांमधला हा कॅन्सर आज बहुतांश वेळा बरा होऊ शकतो. व्हिन्क्रिस्टिन आणि व्हिन्ब्लास्टिन ही दोन्ही औषधं जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत.

मग सदाफुलीची पानं खाल्ली तर?

नाही. अजिबात नाही. ‘रोज सकाळी सदाफुलीची चार पानं चावा, शुगर पळेल, कॅन्सर होणार नाही’ अशा छापाचे मेसेज फिरत असतात. ते पुढे पाठवण्याआधी हे लक्षात घ्या:

- पानात अल्कलॉइड गटातली शंभरावर रसायनं असतात. कोणतं किती, हे झाडागणिक, ऋतूगणिक बदलतं.
- व्हिन्क्रिस्टिनचा डोस मिलिग्रॅममध्ये, रुग्णाच्या शरीराच्या आकारमानानुसार मोजला जातो. थोडा जास्त झाला तरी मज्जातंतूंना इजा होऊ शकते.
- हे औषध फक्त शिरेतून देतात. चुकून पाठीच्या मणक्यातून दिलं गेलं तर ते जीवघेणं ठरतं. म्हणून रुग्णालयांत त्यासाठी कडक नियम असतात.
- पानं खाऊन कॅन्सर बरा होत नाही. उलट उपचारांना उशीर होतो, आणि खरा धोका तोच आहे.

‘नैसर्गिक आहे, म्हणजे अपाय नाही’ हा समज इतर झाडांबाबतही महागात पडतो. देवाला वाहिल्या जाणाऱ्या पिवळ्या कण्हेराच्या बिया हृदयाची लय बिघडवतात. कण्हेराचा प्रत्येक भाग विषारी आहे. महादेवाला वाहिल्या जाणाऱ्या धोतऱ्याने भ्रम होतो आणि जीवही जाऊ शकतो. धोतऱ्यातलंच अॅट्रोपिन मात्र योग्य मात्रेत दिलं की कीटकनाशकाच्या विषबाधेत प्राण वाचवतं. रसायन तेच असतं, पण मात्रा आणि ती देणारा हात यांमुळे परिणाम उलटा होतो. मुलाने अशी बी किंवा पान खाल्लं तर घरगुती उपाय न करता लगेच रुग्णालयात न्या. शक्य असेल तर झाडाची फांदी सोबत घ्या.

दुसरी बाजू: नरक्याची कथा

सदाफुली कुठेही उगवते, म्हणून ती टिकली. सह्याद्रीतल्या नरक्याचं नशीब तसं नाही. या झाडात कॅम्प्टोथेसिन असतं आणि त्यापासून कॅन्सरवरची दुसरी औषधं बनतात. भारतीय रसायनशास्त्रज्ञांनी १९७२ साली नरक्यात ते असल्याचं दाखवलं. मागणी वाढली तशी कोकण आणि पश्चिम महाराष्ट्राच्या जंगलांत नरक्याची बेसुमार, चोरटी तोड झाली. साल आणि मूळ काढलं की झाड मरतं.

म्हणूनच झाड हे रसायन कसं बनवतं, हे समजणं गरजेचं आहे. ती साखळी कळली की औषध शेतीतून, पेशींपासून किंवा यीस्टमधून मिळवता येतं. जंगल तोडावं लागत नाही आणि रुग्णाला वाटही पाहावी लागत नाही.

घरी करून पाहा

विज्ञानाचं पुस्तक न उघडताही यातलं थोडं डोळ्यांनी पाहता येतं.

१. *गोकर्णाचं पाणी:* पाच-सहा निळी फुलं गरम पाण्यात टाका. पाणी निळं होईल. थोडं लिंबू पिळा, ते जांभळं-गुलाबी होईल. आम्लता बदलली की अँथोसायनिनचा रेणू रूप बदलतो.

२. *जास्वंदीचं पाणी:* लाल पाकळ्यांचं पाणी दोन पेल्यांत घ्या. एकात लिंबू घाला, पाणी लालभडक होईल. दुसऱ्यात चिमूटभर खायचा सोडा घाला, ते हिरवटसर होईल.

३. *हळदीचा डाग:* शर्टावरचा हळदीचा डाग साबण लागताच लाल होतो. साबण अल्कधर्मी असतो आणि त्याने कर्क्युमिनचा रंग बदलतो. हळदीला चुन्याची जोड देऊन पारंपरिक कुंकू बनतं ते याच तत्त्वावर.

४. *झेंडू आणि तेल:* झेंडूच्या पाकळ्या चुरडून एका वाटीत पाणी, दुसरीत कोमट तेल घाला. तेल पिवळं होईल, पाण्यात फारसा रंग उतरणार नाही.

थोडक्यात

- फुलांचे बहुतेक रंग तीन घराण्यांतले: अँथोसायनिन, कॅरोटिनॉइड आणि बीटालेन.
- या सगळ्यांचा कच्चा माल पानांनी बनवलेली साखर. काम विकरांचं, हुकूम जनुकांचा.
- लाल-निळ्या रंगांचा पाया १५ कार्बनचा सांगाडा. तसाच फ्लेवोनचा सांगाडा प्रयोगशाळेत बनवण्याचा मार्ग शोधणारे वेंकटरामन पुढे माटुंग्याच्या संस्थेचे पहिले भारतीय प्रमुख झाले.
- सदाफुलीच्या पानांतून व्हिन्ब्लास्टिन आणि व्हिन्क्रिस्टिन मिळालं. १९८४ पासून भारतीय बनावटीच्या या औषधांत पुण्याच्या एनसीएलचा आणि मुंबईच्या सिप्लाचा वाटा आहे.
- पानं चावून खाणं हा उपचार नाही. कॅन्सरची शंका असेल तर रुग्णालयातच जायला हवं.

गॅलरीतल्या डब्यात फुललेली सदाफुली रोजच्या पाण्यावर आणि उन्हावर एवढं सगळं करत असते. पुढच्या वेळी तिला पाणी घालताना मुलांना ही गोष्ट नक्की सांगा. आणि तिची पानं तोंडात घालायची नाहीत, हेही.